मदत हवी आहे : मनोरुग्ण कच्च्या कैद्याच्या जामिनाचे हमीपत्र

आरोपी धडगावकडचा, मनोविकारामुळे स्वतःचा बचाव करू शकत नाही. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३६९ नुसार रुग्णालयात भरतीची गरज नसेल आणि नातेवाईक जवळच्या केंद्रात नियमित ओपीडी उपचारांची, शिवाय तो स्वतःला वा इतरांना इजा करणार नाही याची हमी देत असेल, तर अजामीनपात्र गुन्ह्यातही सुटका होते. अडतं ते वैद्यकीय अहवालात. निदान असतं, ‘भरतीची गरज नाही’ हे स्पष्ट वाक्य नसतं. माणूस विनाकारण आत राहतो.

कुणाकडे हमीपत्राचा मराठी नमुना आहे का? दर महिन्याची ओपीडी नोंद कोर्टात कोण देतं?

आणि भरती लागलीच, तर कारागृहात मनोरुग्ण कक्ष नसताना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ प्रमाणे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तो अर्ज कारागृह अधीक्षकांनीच करायचा, की विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फतही चालतो? धुळे-नंदुरबारकडच्या वकिलांनी कृपया सांगावं.