पोटरीची शीर काढून जबडा जोडणं हा धंदा आहे?

ओटीवाली:
काल आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बाबूची पोस्ट वाचली आणि नाईट करून आलेली असूनही झोप येईना, म्हणून लिहितेय. बाबूचं म्हणणं असं की तोंडाच्या कॅन्सरला पायाचं हाड शिरेसकट काढतात, अपघातात नडगीची नळी उघडी पडली की पोटरीचं मांस फिरवतात, म्हणजे एक अवयव दुरुस्त करायला दुसरा बिघडवायचा, मांडीची चामडी लावून भागलं असतं, हे सगळं बिल वाढवायला. बाबू, चामडीने भागत असतं तर आम्ही टेबलापाशी तासन् तास उभ्या कशाला राहिलो असतो रे? चामडीला जगायला खालून रक्त लागतं. उघड्या हाडावर, तेही वरचा पापुद्रा गेलेल्या, किंवा हाड जोडायच्या प्लेटवर ती धरतच नाही. कातळावर तरवा लावून बघ एकदा. फ्लॅप, म्हणजे असा सोडवून दुसरीकडे लावलेला चामडी-मांसाचा किंवा हाडाचा तुकडा, स्वतःची शीर बरोबर घेऊन येतो, सगळा फरक तिथे आहे. नळीच्या वरच्या भागात जखम असली तर पोटरीच्या मोठ्या स्नायूचं एक डोकं खालून सोडवून पुढे वळवतात. त्याची सुरल धमनी गुडघ्याच्या मागून येते, ती जागची हलत नाही, काही कापून जोडावं लागत नाही. मधल्या भागाला त्याच्या आतला सोलियस हा स्नायू. घोट्याकडे मात्र मांसच नाही, खरी पंचाईत तिथे.

सत्तरीचा_बाबू:
ताई, तुमचं ज्ञान तुमच्यापाशी. माझ्या मामांचा जबडा काढला आणि पायाचं हाड लावलं. तोंड बरं झालं, मान्य. पण आता पायाचा अंगठा वाकत नाही, चढणीला लंगडतात, वर डायबेटिस. पायात धमन्या तीन, त्यातली एक काढून घेतली, उद्या दुसरी बंद पडली तर पाय कोण देणार? ऑपरेशनच्या आधी यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही, नुसती सही घेतली. याला धंदा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

फोंड्याचा_फिजिओ:
अंगठा वाकवणारा स्नायू त्याच हाडाला चिकटलेला असतो, म्हणून तसं होतं, व्यायामाने बऱ्याच जणांचं सुधारतं, मामांना रोज टॉवेल बोटांनी ओढायला लाव. धमन्यांचं म्हणशील तर पावलाला रक्त मुख्यतः पुढच्या आणि मागच्या टिबियल धमन्यांमधून जातं, तिसरी पेरोनियल, म्हणून ती देता येते. काही थोड्या लोकांत मात्र सगळं पाऊल त्या पेरोनियलवरच जगत असतं, तिथे ती काढली तर पाऊलच धोक्यात, म्हणून आधी सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा स्कॅन, करतात आणि तसं दिसलं तर त्या पायाला हात लावत नाहीत. डायबेटिसवाल्याला तर ते हवंच. हाड काढतानाही गुडघ्याकडचं आणि घोट्याकडचं टोक ठेवतात, घोटा डळमळू नये म्हणून. हे काल निघालेलं फॅड नव्हे, टेलर नावाच्या सर्जनने शिरेसकट हे हाड लावलं ते १९७५ मध्ये छापून आलं, हिडाल्गो या सर्जनने त्याचा जबडा केला ते १९८९ मध्ये. सही घेतली आणि समजावलं नाही, हे चुकलंच. पण त्याला धंदा म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात.

रानपाखरू:
सगळे शिरांवर बोलतायत, मुळात हे पाय फुटतात कशाने ते कोणी बोलेल का? भाड्याच्या दुचाक्या, काळ्या पाटीवर पिवळे नंबर, चालवणाऱ्याला वळण माहीत नाही, मोबाईलवर मॅप, मागे बसलेली व्हिडिओ काढतेय. रेंट-अ-बाईक बंद करा, निम्मे फ्लॅप वाचतील!!

वझरकर:
होय मरे, सगळा दोष भायल्यांचा, बाहेरून आलेल्यांचा. आमचे झील, आपलेच पोरगे, संध्याकाळी दोन पेग मारून हेल्मेट आरशाला अडकवून जातात ते काय फ्लॅप वाचवायला? आणि रस्ता? पाईप घालायला खणतात, माती टाकून जातात, पहिल्या पावसात तिथेच खळी.

रानपाखरू:
तुमच्या घरात दोन रेंटच्या स्कूटर आहेत ते आधी सांगा लोकांना. गप्प राहिलो होतो इतके दिवस.

वझरकर:
आहेत. लायसन्सवर आहेत, टॅक्स भरतो. खाण बंद झाली तेव्हा ट्रक विकून घेतल्या, तू आला होतास हप्ता भरायला?

फोंड्याचा_फिजिओ:
अरे भांडा, पण धागा पोटरीचा आहे.

म्हातारा_पायलट:
पोरांनो, दोघेही थांबा. पायलट म्हणून पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवर भाड्याने माणसं सोडत आयुष्य काढलं मी. ट्रकने घासलं आणि टाच सोलून निघाली. तेव्हा मायक्रोस्कोपखाली शिरा जोडणं आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. चांगल्या पायाच्या पोटरीची चामडी अर्धी सोडवून टाचेवर शिवली आणि दोन्ही पाय प्लास्टरने एकमेकांना बांधले. तीन आठवडे! कूस बदलायची तर दोन माणसं लागायची, संडासाला काय व्हायचं ते विचारू नका. तिकडून रक्त धरल्यावर मग देठ कापला. बाबू, तुझ्या मामांचे दोन्ही पाय मोकळे होते ना?

ओटीवाली:
काका, आता टाचेला त्याच पायाची पोटरी उलटी फिरवतात, रिव्हर्स सुरल. मास्कले या फ्रेंच सर्जनने १९९२ मध्ये मांडलेला. बाहेरच्या घोट्याच्या पाचेक सेंटिमीटर वर पेरोनियलच्या बारीक फांद्या वर येतात, आधी डॉपलरने, म्हणजे रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, ऐकून पेनाने खूण करायची, फ्लॅप त्यांच्यावर जगतो. पावलाची बाहेरची कड बधिर होते, कारण सुरल नस सोबत जाते. हे मी पेशंटला आधीच सांगते, कोण सांगत नसेल त्याचं मला माहीत नाही. रात्री तासातासाने जाऊन बघायचं, बोटाने दाबून सोडलं की रंग किती वेळात परततो. पांढरा आणि थंड पडला तर रक्त येतच नाहीये, जांभळा झाला तर आलेलं परत जात नाहीये, दोन्ही वेळा डॉक्टरांना उठवायचं, मग ते कितीही चिडोत. आणि नातेवाईक गुपचूप बाथरूममध्ये विडी नेऊन देतात. विडीने शिरा आकसतात, फ्लॅप काळा पडतो आणि मग पोस्ट येते, धंदा धंदा.

सत्तरीचा_बाबू:
विडीचं मला उगाच सुनावू नका, मामांची सुटली. बरं, 'धंदा' शब्द मागे घेतो, तुमची झोप लागू दे. पण समजावायला पाच मिनिटं नसतात हे मागे घेणार नाही. फिजिओ, टॉवेल कसा ओढायचा ते नीट लिही, मामा वाचतायत.

फोंड्याचा_फिजिओ:
खुर्चीवर बसायचं, टाच जमिनीला, टॉवेल पुढे पसरायचा आणि फक्त बोटांनी गोळा करत आणायचा. दुखलं तर थांबायचं.

रानपाखरू:
आणि रेंट-अ-बाईकचं??

वझरकर:
घरी ये, एक फुकट चालवायला देतो.