पुन्हा: रविवारचं बीपी शिबिर, रक्त दुपारी घ्यायचं का?

मंडळी, हॉल दुपारी २ लाच मिळतोय, सकाळी मराठी शाळा आहे. अल्डोस्टेरॉनचं (ॲड्रीनल ग्रंथीचं, बीपी वाढवणारं हार्मोन) रक्त जेवणानंतर चालेल का? रात्रीपर्यंत कळवा, फॉर्म छापायचेत.
– सु., ट्रॉय

सु., उपाशी राहायचं नसतंच. अडचण वेळेची आहे. अल्डोस्टेरॉन सकाळी चढलेलं असतं, दुपारी उतरतं. उठून दोनेक तास हिंडायचं, मग ५ ते १५ मिनिटं बसून रक्त द्यायचं. अडीचला घेतलंत तर आकडा कमी येईल आणि लोक निर्धास्त घरी जातील. त्यापेक्षा शिबिरात बीपी मोजा, ज्यांचं वर आहे त्यांना चिठ्ठी द्या: फॅमिली डॉक्टरकडे अल्डोस्टेरॉन-रेनिन टेस्ट मागा. (रेनिन मूत्रपिंडातून येतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवतं; प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम या आजारात अल्डोस्टेरॉन आपणहून जास्त होतं आणि रेनिन दबतं.) २०२५ पासून एन्डोक्राइन सोसायटी ही हार्मोनच्या डॉक्टरांची संघटनाही म्हणतेय की बीपी असलेल्या सगळ्यांचीच तपासणी करा.
– डॉ. मी., ॲन आर्बर

डॉक्टरीणबाई, मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या मीच पार्किंगमधून गोळा केल्यात. माझ्या दिरांचं बीपी तीन गोळ्यांना दाद देईना. पोटॅशियम नॉर्मल म्हणून कुणी पुढे पाहिलंच नाही. शेवटी ॲड्रीनलवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आता एका गोळीवर आहेत. रक्त तिथेच घ्या.
– कॅन्टनची काकू

ठरावात 'बीपी व साखर' एवढंच आहे. मी लोसार्टन आणि मेटोप्रोलॉल घेतो. टेस्टसाठी बंद करू? आपला मेल वाचून कुणी गोळ्या सोडल्या आणि काही झालं तर? इन्शुरन्सचे कागद माझ्याकडे आहेत, म्हणून विचारतो.
– खजिनदार

काका, मुळीच बंद करू नका! पहिली टेस्ट बहुधा चालू गोळ्यांवरच होते, फक्त नावं फॉर्मवर लिहा. लोसार्टन रेनिन वाढवतं. ते घेऊनही रेनिन दबलेलंच निघालं तर संशय बळावतो. मेटोप्रोलॉल रेनिन दाबतं, त्यामुळे उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतं. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि काकू, या आजारात पोटॅशियम उतरू शकतं, पण बहुतेकांचं नॉर्मलच असतं.
– मी.

जेरोम कॉननी १९५५ मध्ये हा आजार मांडला तो ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातूनच. ॲन आर्बरकर, कॉलर ताठ करा! बाकी, प्रसादाच्या मसालेभातात मीठ कमी घालता येईल का?
– नोव्हाय

टेस्टच्या आधी अळणी खाऊ नका, नाहीतर आजार असून सापडत नाही.
– मी.

ऐकलंत ना नोव्हाय? मसालेभात आहे तसाच होणार.
– काकू

शाळा शेजारच्या खोलीत गेली तर सकाळी ९ ला हॉल मिळेल. शाळावाले?
– सु.

जाऊ. टेबलं मात्र तुम्ही हलवायची.
– शाळा