भक्ती कोणाच्या वाट्याला जाते? (अनुभव)

नट, गायक, खेळाडू यांच्यावर जीव ओवाळून टाकणे ही आजची गोष्ट नव्हे. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याचे रुमाल आणि हातमोजे मिळवण्यासाठी श्रोत्यांची झुंबड उडत असे, आणि कवी हाइनरिश हाइने याने 1844 मध्ये या वेडाला लिस्टच्याच नावावरून नाव दिले. फुटबॉलपटू डिएगो मॅराडोनाच्या चाहत्यांनी 1998 मध्ये अर्जेंटिनातील रोसारियो शहरात त्याच्या नावाचे ‘चर्च’ काढले. त्यांची कालगणना त्याच्या जन्मवर्षापासून, म्हणजे 1960 पासून, सुरू होते. हे निम्मे गमतीने चालते हे खरे, तरी गंमत करतानाही सण, प्रार्थना आणि दहा आज्ञा यांचीच आठवण व्हावी, याचे मला नवल वाटते.

ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 च्या धर्मशिकवणीच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा (माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत) अर्थ सांगताना लिहिले आहे की माणसाचे हृदय ज्याला चिकटते आणि ज्याच्यावर विसंबते, तोच खऱ्या अर्थाने त्याचा देव होय. या कसोटीने पाहिले तर उपासना न करणारा माणूस सापडणे कठीण आहे. म्हणून ज्यांनी प्रसिद्ध व्यक्तींची भक्ती जवळून पाहिली आहे त्यांना लिहिण्याची विनंती केली होती. उपदेश नको, अनुभव लिहा, एवढीच अट होती. ती सर्वांनी पाळली असे म्हणवत नाही. नावे मुद्दाम वगळली आहेत.

चाहत्यांच्या मंडळाचा पत्रव्यवहार सांभाळलेल्या एक बाई

एका लोकप्रिय नटाच्या चाहत्यांच्या मंडळात, त्याच्या नावाने येणारी पत्रे उघडून त्यांची वर्गवारी करण्याचे काम माझ्याकडे होते. सुरुवातीला मला वाटले होते की पत्रांत त्याच्या भूमिकांविषयी, दिसण्याविषयी आणि फार तर भेटीच्या इच्छेविषयी लिहिलेले असेल. तशी पत्रे असत, पण थोडी. बाकीच्या पत्रांत आजारपण असे, मोडलेले लग्न असे, परीक्षेची धास्ती असे; कोणी केवळ आभार मानण्यासाठी लिहीत, कारण अत्यंत वाईट रात्री या माणसाचा चेहरा पडद्यावर पाहून त्यांना जगावेसे वाटले होते. कित्येक पत्रांत परतीचा पत्ताही नसे, म्हणजे उत्तराची अपेक्षाच नव्हती.

मी लहानपणापासून बायबलमधील स्तोत्रसंहिता वाचत आले आहे. गाऱ्हाणे, उपकारस्तुती आणि याचना, असे तिन्ही सूर मला त्या पत्रांत जसेच्या तसे ऐकू येत. त्या माणसांना मी कधी हसले नाही. आपले हृदय देवामध्ये विसावेपर्यंत अस्वस्थच राहते, असे ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या आरंभी म्हटले आहे, आणि ती अस्वस्थता मी लिफाफ्यांच्या ढिगात पाहिली. दुःख याचे होते की हे सर्व ज्याच्या पायाशी येऊन पडत होते, तो कामाने थकलेला एक मनुष्य होता आणि त्याच्याकडे देण्यासाठी छापील सहीचा फोटो एवढेच होते. एकदा त्याने स्वतः दोनचार पत्रे वाचायला मागितली, वाचली, आणि पुन्हा कधी मागितली नाहीत. मला त्यात त्याचा कोरडेपणा दिसला नाही. ते ओझे माणसाला पेलणारे नव्हते.

एक वडील

आमचा मुलगा ज्या खेळाडूला मानत असे, त्याच्यावर फसवणुकीचा आरोप सिद्ध झाला. मुलाचा राग एखाद्या अनोळखी माणसाच्या गुन्ह्यावर येतो तसा नव्हता. घरातल्याच कोणी विश्वासघात केल्यासारखा तो कित्येक दिवस वागत होता. आम्ही त्याला समजावण्याऐवजी बायबलमधील दाविद राजाची गोष्ट एकत्र वाचली. पवित्र शास्त्र आपल्या मोठ्या माणसांची पापे झाकत नाही, दाविदाने परस्त्री बथशेबेशी केलेला व्यभिचार नाही आणि शिष्य पेत्राने येशूला नाकारणेही नाही, हे त्याला पटले की नाही हे मी सांगू शकत नाही. भिंतीवरचा फोटो मात्र त्याने काढला नाही, आणि आम्हीही काढायला सांगितले नाही.

समुपदेशनाचे काम करणाऱ्या एक बाई

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. आमच्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत तरुणांच्या खोलीतले प्रत्येक चित्र म्हणजे मूर्तिपूजा असे सरसकट सांगितले जाते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच दाखवून दिले होते की रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील व्यक्तीशी प्रेक्षकांची एकतर्फी जवळीक निर्माण होते. समोरच्याला आपण ठाऊक नसतो, तरी आपल्याला तो मित्र वाटतो. ही मनाची सर्वसाधारण रीत आहे, आजार नव्हे. पुढे 2002 मध्ये मॅककचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भक्तीची तीव्रता मोजण्याची जी पट्टी मांडली, तिच्या खालच्या पायरीवर निव्वळ करमणूक आणि मित्रमंडळींतील गप्पा आहेत. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले त्याच पायरीवर असतात.

मी चिंतेत पडते ती वेगळ्या ठिकाणी. आवडत्या व्यक्तीवर टीका ऐकताच एखाद्या मुलीची झोप उडते, किंवा तिचे स्वतःविषयीचे मत त्या व्यक्तीच्या यशापयशावर हेलकावे खाऊ लागते, तेव्हा कौतुकाच्या जागी विसंबणे आले आहे असे मी समजते. अशा वेळी ‘हे सोड’ म्हणून भागत नाही. तिथे आधी कोणती जागा रिकामी होती, हे विचारावे लागते, आणि ते विचारायला पाळकांना सहसा वेळ नसतो.

एक निवृत्त पाळक

पाळकांना वेळ नसतो हे मान्य करून सांगतो की आमच्यापैकी काहीजण स्वतःच पूजेच्या चौथऱ्यावर उभे असतात. पुनरुज्जीवन सभांत माझी प्रवचने गाजू लागली, तेव्हा लोक सभेनंतर माझे पवित्र शास्त्र हातात घेऊन कपाळाला लावू लागले. एका आजींनी तर सांगितले की माझी प्रार्थना देव लवकर ऐकतो. हे ऐकून मनुष्याला बरे वाटते, आणि म्हणूनच ते घातक आहे.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय मी त्या काळात पुन्हा पुन्हा वाचला. लुस्त्र या गावी प्रेषित पौलाने एका पांगळ्याला उभे केले, तेव्हा लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला ज्यूस आणि पौलाला हर्मीस हे ग्रीक देव ठरवून बैल व हार आणले. दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत असे ओरडून सांगितले. आपण सहसा इथे थांबतो. पण थोड्याच ओळी पुढे, बाहेरून आलेल्या विरोधकांनी त्याच जमावाला फितवले आणि पौलाला दगडमार झाली; मेला असे समजून त्याला शहराबाहेर ओढून टाकले गेले. हार आणि धोंडे यांच्यामध्ये फारसे अंतर नव्हते. याच पुस्तकात, दोन अध्याय आधी, हेरोद राजाला जमाव ‘ही देवाची वाणी आहे’ असे म्हणतो, तो देवाला गौरव देत नाही आणि त्याचा अंत होतो. ज्याची पूजा होते त्याचे यातून भले होत नाही, हे आमच्या प्रवचनांत फार क्वचित येते. आम्ही नेहमी भक्तालाच दटावतो.

मी वस्त्रे फाडली नाहीत. मंडळीच्या वडीलजनांशी बोलून सभेच्या पत्रकांवरून माझा फोटो काढायला लावला आणि व्यासपीठ इतर दोघांबरोबर वाटून घेतले. उपस्थिती घटली. काहींनी ‘आम्ही तुमच्यासाठी येत होतो’ असे तोंडावर सांगितले, आणि बायबलमधील करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणत उपदेशकांच्या नावाने गट पाडणाऱ्यांची मला आठवण झाली.

कॅथलिक परंपरेतील एक वाचक

संतांना मान देणारे आम्ही या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जातो, म्हणून थोडक्यात लिहितो. निकेया येथील 787 च्या परिषदेने प्रतिमांना द्यायचा आदर आणि केवळ देवाला द्यायची आराधना यांत स्पष्ट भेद केला. हा भेद प्रत्येक भाविक पाळतो असा माझा दावा नाही. पण एक सावधगिरी मला मोलाची वाटते. संतपदाची चौकशी सुरू करण्याआधी त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते, आणि सूट देण्याचा अधिकार पोप यांनाच असतो. जिवंत माणसाभोवतीचा गलबला आधी शमू द्यायचा, मग त्याच्या आयुष्याकडे पाहायचे. प्रसिद्धीचा व्यवहार नेमका उलट्या दिशेने चालतो.

विश्वास न ठेवणारा एक वाचक

मी देव मानत नाही. वरचे सर्व वाचून वाटले की तुम्ही एका अदृश्य व्यक्तीविषयीची एकतर्फी जवळीक खरी आणि दृश्य व्यक्तीविषयीची खोटी ठरवत आहात. माझ्या आवडत्या गायिकेने मला निदान गाणी दिली आहेत.

*(हा आक्षेप जसाच्या तसा ठेवला आहे. तो हलका नाही, आणि पुढील अनुभव त्याला पूर्ण उत्तर देतो असा माझा दावा नाही.)*

उपासना संगीताच्या कार्यक्रमांत ध्वनी आणि प्रकाश सांभाळणारा एक तरुण

मोठ्या मैफलीत आणि आमच्या भक्तिगीतांच्या संध्याकाळी मी तीच यंत्रे वापरतो. अंधार कोठे करायचा, गायकाच्या चेहऱ्यावर प्रकाश केव्हा टाकायचा, कोणत्या ओळीला तालवाद्ये थांबवली की हात वर जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून वरच्या वाचकाचा आक्षेप मला नवा नाही. जे हात वर जातात ते येशूसाठी की माझ्या प्रकाशयोजनेसाठी, हे मला मंचामागून सांगता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला बळेच राजा करू पाहतात, आणि तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी ते त्याला शोधत येतात, तेव्हा तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आला आहात, असे तो तोंडावर म्हणतो. अध्याय संपेपर्यंत पुष्कळजण त्याला सोडून गेलेले असतात. लोकप्रियता टिकवू पाहणारा कोणीही असे वागणार नाही, आणि माझा विश्वास ज्या गोष्टींवर उभा आहे त्यांपैकी ही एक आहे. गायकांशी बोलून आम्ही आता शेवटची दोन गीते सभागृहातले सर्व दिवे लावून आणि मंचावरचे विझवून घेतो. मुख्य गायिकेला ते आवडले. तिच्या चाहत्यांना आवडले नाही, आणि आयोजकांकडे तशी तक्रारही पोहोचली आहे.