मदत हवी आहे: तंबूत झोपल्यावर सायकली कशा सांभाळायच्या? (शुक्रवारी निघायचंय, लवकर सांगा)

पायडल_मारुती (सोमवार, रात्री ११:४२)
आम्ही सायकलवर निघायलो. रात्री तंबू टाकून झोपणार. सायकली चोरीला जाऊ नयेत म्हणून नेमकं काय करायचं? कुलूप कोणतं घ्यायचं ते सांगा. ऑनलाइन मागवलं तर शुक्रवारच्या आत येत नाही, म्हणून दुकानात मिळेल असंच सांगा. जुने धागे चाळले, त्यात सगळं लडाख नाहीतर परदेश. आणि "तंबूत घेऊन झोपा" असं कुणी म्हणू नका, तंबू दोन माणसांचा आहे.

काटेसावर (मंगळवार, सकाळी ६:१०)
कुठून कुठं? किती जण? तंबू रानात टाकणार का ढाब्यावर? सायकल साधी का गिअरची? आत्ता कोणतं कुलूप आहे? एवढं विचारल्याशिवाय डॉक्टरबी गोळी देत नाही.

पायडल_मारुती (९:०५)
सॉरी, घाईत लिहिलं. संभाजीनगर ते तुळजापूर, हायवेनं. चौघं. गिअरच्या सायकली. नंबरचं केबल लॉक आहे. आता सांगा.

गोदाकाठ (९:३१)
म्हणजे आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई, बीड. चोर राहू द्या बाजूला, आधी टायरचं बघा. रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. मी शहागडच्या पुलाच्या अलीकडं एका दिवसात पाच पंक्चर काढलेत, पाचव्याला रडू यायचं बाकी होतं. ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरून घ्या, दोन ट्यूब जादा ठेवा. आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर राहू नका. कारखाने सुरू झालेत, उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा असला तर नशीब.

पायडल_मारुती (९:४०)
दादा, पंक्चर काढता येतंय आम्हाला. चोरीचं विचारलंय.

सुईदोरा (११:१५)
केबल लॉकवर जाऊ नका. गेल्या वर्षी एका भक्तनिवासाच्या आवारात आमच्या तिघींच्या सायकली केबलनं खांबाला बांधलेल्या होत्या. सकाळी एक नव्हती. केबलचा तुकडा तिथंच पडलेला. वरून बोटाएवढी जाड दिसते, पण ते सगळं प्लास्टिक असतं. आत बारीक तारांचा झुबका, साध्या कटरनं कापलेला. तिथल्या माणसानं "आमची जबाबदारी नाही" अशी पाटी दाखवली, विषय संपला.
तेव्हापासून कडक पोलादाची साखळी वापरते. जड आहे, चढावर शिव्या देते तिला. ओवताना फ्रेममधून ओवायची. नुसत्या पुढच्या चाकातून ओवली आणि चाक क्विक रिलीजचं असलं, तर दांडी फिरवून चाक तिथंच सोडतात आणि बाकीची सायकल नेतात. चौघं असाल तर दोन सायकली तोंडाला तोंड, दोन उलट, अशा एकमेकींत अडकवून झाडाला बांधा. चार सायकलींचा तो गठ्ठा कुणी खांद्यावर टाकून पळत नाही. रात्री चेन सगळ्यात जड गिअरवर टाकून ठेवा, बसून पळवणाऱ्याला पहिल्या दहा फुटांत वेग घेता येत नाही.
चाव्या किती आणि कुणाकडे, हे आधी ठरवा.

कलमबहाद्दर (दुपारी १२:५०)
चोरी झाल्यावरचं कुणीच बोलत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरी म्हणजे कलम ३०३, जुनं ३७९ विसरा. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र केलेली आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणून सायकलीची किंमत दाखवणारं बिल जवळ ठेवा, नाहीतर ठाण्यात "जुनी सायकल, दोन-तीन हजाराची असंल" म्हणून बोळवण होते. सायकल उलटी करा. पायडलचा आस बसतो त्या नळीखाली नंबर ठोकलेला असतो, त्याचा फोटो काढा. तो नसला तर सापडलेली सायकल तुमचीच कशावरून?
बिल कुणाच्या नावावर आहे?

पायडल_मारुती (१:२०)
तीन आमच्या आहेत. चौथी दाजींची.

काटेसावर (१:२६)
हां. आता कळलं घाई कशाची. दाजींना माहीत आहे का?

पायडल_मारुती (१:३१)
"जवळच जाऊन येतो" म्हणलंय. ४८ हजाराची आहे. ताईला माहीत आहे. पुढं बोला.

आप्पा_अवांतर (१:४५)
तुळजापूरला चाललात तर वाटेत सरमकुंडी फाट्यावर थांबा. कुंथलगिरीचा खवा तिथं मिळतो, पेढे गरम असतानाच खायचे. आम्ही कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जायचो, तेव्हा चपलासुद्धा कुणी नेत नव्हतं. आता सायकलीला साखळदंड.

गोदाकाठ (२:०२)
आप्पा, चपला जात होत्या, माझ्या गेल्यात. पंक्चरचं सोडतो, चोरीचंच सांगतो. टॅग लावा. सीटखाली ब्लूटूथचा टॅग चिकटवला की सायकल कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं.

काटेसावर (२:२०)
संभाजीनगरच्या मॉलमध्ये दिसंल. टॅगला स्वतःचं नेटवर्क नसतं, आजूबाजूनं जाणाऱ्या फोनवरून तो ठिकाण कळवतो. चौसाळ्याच्या रानात रात्री दोनला कुणाचा फोन जाणारंय? कोल्ह्याचा?
माझा उपाय फुकटचा आहे. पोळ्याची घुंगरमाळ. सायकलीच्या हँडलला बांधायची. हात लागला की अख्ख्या शिवाराला कळतं.

सुईदोरा (२:३४)
आणि वारा आला तर?

काटेसावर (२:४१)
वाऱ्यानं नाही वाजत. शेळीनं वाजते. म्हैसमाळला रात्रभर वाजली, खरं सांगतो. पण सायकल सकाळी होती.

बालाघाटी (सायंकाळी ७:१८)
सगळे कुलपावर भांडायलेत. मारुती, मुक्काम कुठं कुठं ठरवलेत ते अजून सांगितलंच नाहीस.

पायडल_मारुती (७:५५)
पहिल्या रात्री बिंदुसरा धरणाच्या कडेला, पालीजवळ. दुसऱ्या रात्री येडशीला रामलिंगच्या जंगलात. मग तुळजापूर, तिथून जमलं तर नळदुर्ग.

बालाघाटी (८:१०)
दोन्ही जागा बाद. धरणावर संध्याकाळी बाटल्या घेऊन पोरं येतात. ते चोर नसतात, पण चार चकाचक सायकली बघून रात्री अकराला "एक राउंड दे की" म्हणून येणार. तिथं तुझी साखळी काय करणार? चावी मागतील.
रामलिंग अभयारण्यात आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू टाकता येत नाही. आणि तिथली माकडं. हँडलची पिशवी कशी उघडायची ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.
पालीच्या पुढं, घाट चढून मांजरसुंब्याच्या अलीकडं माझ्या चुलत भावाचा आखाडा (शेतातली गोठा-वस्ती) आहे. सालगडी तिथंच झोपतो, कुत्रं आहे. बैलांच्या दावणीशेजारी सायकली लावा, तंबू कडब्याच्या गंजीच्या आडोशाला टाका. रस्त्यावरून दिसली नाही ती सायकल चोरीला जात नाही. मी फोन करून ठेवतो, नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.

गोदाकाठ (८:२५)
हे सगळ्यांना कुठं मिळणार? ज्याला चुलत भाऊ नाही त्यानं काय करायचं?

बालाघाटी (८:३३)
दिवस मावळायच्या आत गावात जायचं, पारावर पाणी मागायचं, "मंदिरात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात झोपू का" विचारायचं. पालखीतली माणसं गावोगाव असंच राहतात. गावाला माहीत असलेल्या पाहुण्याच्या वस्तूला हात लावायला गावातला चोरबी लाजतो.

गोदाकाठ (८:३७)
आणि बाहेरगावचा?

बालाघाटी (८:४०)
त्यासाठी कुत्रं.

सुईदोरा (९:०२)
माणसंही पाहिजेत आणि साखळीही पाहिजे. मारुती, लाइट, पंप, हत्यारांची पिशवी, बाटल्या रात्री आत घ्या. अख्खी सायकल क्वचित जाते, सुटं सामान हमखास जातं. काळ्या ताडपत्रीनं सगळं झाकून टाका. दोन चाव्या दोघांकडे.

पायडल_मारुती (बुधवार, दुपारी ४:१५)
साखळी घेतली. दोन किलोच्या आसपास आहे, बाराशे रुपये. चौघांत तीनशे-तीनशे. आळीपाळीनं वाहायची ठरलंय. बालाघाटी दादा, तुमच्या भावाशी बोलणं झालं, जेवूनच जा म्हणालेत. धन्यवाद सगळ्यांना.

आप्पा_अवांतर (४:५०)
पेढ्यांचं विसरू नका.

पायडल_मारुती (शनिवार, सकाळी ७:२२)
कुणी जागं आहे का? अर्जंट.
सायकली चारही आहेत. दावणीशेजारी, सुईदोरा ताईंनी सांगितल्या तशा एकमेकींत अडकवून, कडुनिंबाला बांधलेल्या. पहाटे साडेचारला आमच्यातल्या एकाला घरून फोन आला, पोराला ताप चढलाय. तो आखाड्यावरच्या मोटरसायकलवर बीडला गेला आणि पहिल्या एसटीनं निघाला. चावी त्याच्या जर्कीनच्या खिशात. गाडी गेवराईच्या पुढं गेलीय.

सुईदोरा (७:३०)
दुसरी चावी?

पायडल_मारुती (७:३१)
दोन्ही एकाच कडीत होत्या.

काटेसावर (७:३६)
पक्कड मारून बघा.

पायडल_मारुती (७:५०)
पक्कडीला दात पडले. साखळीवर ओरखडासुद्धा नाही. सालगडी मामा हसून हसून खाली बसलेत.

बालाघाटी (७:५४)
मांजरसुंब्याला चौकाजवळ वेल्डिंगचं दुकान आहे, नऊला उघडतं. भावाला सांगतो, पोराला ग्राइंडर घेऊन यायला लावतो. विहिरीच्या मोटरच्या पेटीवरून करंट घ्या. दाजींच्या सायकलीवर आधी ओलं पोतं टाका, ठिणग्यांनी रंग जाईल.

पायडल_मारुती (१०:१२)
कापली. मोबाइलवर वेळ लावली होती, पस्तीस सेकंद. पोरानं पन्नास रुपयेबी घेतले नाहीत, म्हणाला, पाहुणे आहात. उरलेली साखळी मामांनी ठेवून घेतली, गोऱ्ह्याला होईल म्हणतात. निघालो. रात्री येडशी गावातच राहतो, कुणाची ओळख असली तर कळवा.

कलमबहाद्दर (१०:२०)
नंबरचा फोटो काढलाय ना?

पायडल_मारुती (१०:२४)
तिघांचा काढलाय. दाजींच्या सायकलीचा राहिला. काढतो.