आईचं वजन उतरतंय, वृद्धाश्रमात काय द्यायला सांगू?

वैदेही_क: आई पुण्याजवळच्या वृद्धाश्रमात आहे. दिवाळीपासून वजन सारखं उतरतंय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळ्यांना जे तेच त्यांना, ताट तसंच परत येतं." प्लीज लवकर सांगा, रविवारी जायचंय.

मुळ्ये: वय? शुगर? किडनी? काहीच न सांगता काय सुचवणार?

सुगरण: नाचणीचं सत्त्व दुधात, गूळ घालून. माझ्या सासूबाई त्यावर नव्वदीतही ठणठणीत.

मुळ्ये: शुगर आहे की नाही ते कळायच्या आत गूळ? आणि नाचणीत कॅल्शियम भरपूर, प्रथिनं बेताचीच.

सुगरण: तुमची प्रथिनं तुम्हाला लखलाभ.

वकीलसाहेब: २००७च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह खर्च मागता येतो. हेल्पलाइन १४५६७.

वैदेही_क: अहो, आश्रमाचे पैसे मीच भरते, मागणार कोणाकडे?! वय ७८. वजन ४६ होतं, आता ४१. शुगरच्या गोळ्या चालू, किडनीचं क्रिएटिनिन नॉर्मल. कवळी आहे. पोळी नुसती चघळते, चोथा ताटाच्या कडेला काढून ठेवते. रात्रीचं जेवण साडेसहाला, नाश्ता साडेआठला.

सोबती६५: घरी का नाही आणत?

मुळ्ये: झालं सुरू. धाग्याचा विषय काय, आपण बोलतोय काय.

निवृत्त_सिस्टर: दहा टक्क्यांच्या वर उतरलंय, आधी डॉक्टर, मग पाककृती. थायरॉईड आणि बी-१२ बघा, शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर तिने बी-१२ कमी होतं. कवळी हलते का तेही बघा. वय वाढतं तशा हिरड्या आकसतात, जुनी कवळी सैल होते, मग माणूस चावायचंच सोडतं.
आणि रात्रभर चौदा तास उपास, वर शुगरच्या गोळ्या! झोपताना काहीतरी द्यायलाच हवं, कपभर दूध तरी. दिवसाला ४०-४५ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात ६, कपभर दुधातही साधारण तेवढीच. पोळी वरणात कुस्करून, मुगाचं धिरडं, गुरगुट्या भातावर तूप. आश्रमवाले एवढं करतात, लिहून दिलं तर. जेवताना ठसका लागतो का?

वैदेही_क: चहा पिताना लागतो. जेवताना नाही बहुतेक.

निवृत्त_सिस्टर: मग गिळणं तपासून घ्या, अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. तोवर आडवं असताना काहीही भरवू नका, दूधही पातळ नको.

सुगरण: म्हणजे शेवटी घट्ट सत्त्वच ना? बरं, गूळ नका घालू.