वाळवंटाला शेवरीचं कुंपण घातलं तर उन्हाळा कमी होईल का?

केळीवाला, रावेर:
राम राम मंडळी. केळीच्या बागेला आम्ही पश्चिम-दक्षिणेच्या अंगाला शेवरीची दाट ओळ लावतो. नाहीतर मेमधला वारा पानांच्या चिंध्या करतो. परवा पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं, चीननं तकलामाकान वाळवंटाभोवती ३,०४६ किलोमीटरचा हिरवा पट्टा २०२४ मध्ये पुरा केला. म्हणजे आमचीच शेवरी, फक्त बांध मोठा! पोरगं म्हणतं, सगळी वाळवंटं अशी हिरवी केली की हवामान बदलाचा प्रश्नच मिटला. पण पाणी कुठून आणायचं? माझी बोअर वडिलांच्या विहिरीच्या कितीतरी खाली गेलीय, तीही सातपुडा डोंगर समोर उभा असताना.

जुना पाटकरी, धुळे:
भाऊ, तुन्हा प्रश्न खरा शे. पांझरा नदीच्या फडावर (फड म्हणजे एका बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारा शेतांचा गट) पाणी वाटण्यात माझी उमर गेली. आमच्याकडे आधी बंधाऱ्यात पाणी किती ते बघायचे, मग पीक ठरायचं. पाणी कमी तर एखादा फड कोरडा. कुणी कुरकुर करत नसे (करत असे, पण ऐकून कोण घेणार!). त्या तकलामाकानमधून जो महामार्ग जातो, त्याच्या कडेची झुडपं जमिनीतलं खारं पाणी उपसून ठिबकवर जगवलीत. ४३६ किलोमीटर. म्हणजे ती झाडं मोटारीवर जगतात. मोटार बंद, झाड बंद.

मला त्याच चीनची दुसरी गोष्ट जास्त पटते. शापोतोऊला १९५० च्या दशकात रेल्वेचा रूळ वाळूखाली जायला लागला, तेव्हा त्यांनी वाळूत गव्हाचं काड खोचून मीटर-मीटरचे चौकोन केले. वारा जमिनीलगत मंदावला, वाळू जागेवर बसली, मग त्यात झुडपं रुजली. काडाला काय, पाणी लागत नाही.

बिनपाण्याचा, साक्री:
पाटकरी आबांना पाठिंबा. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञांनी नवी रोपं लावणं सोडलं. शेतात तोडलेल्या झाडांची खोडं जमिनीत जिवंत होती. त्यांचे फुटवे छाटून एकदोन ठेवायला शेतकऱ्यांना सांगितलं. सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. मुळं आधीच खोल, त्यामुळे पाणी घालायचं कामच नाही. आमच्या तालुक्यात बारीपाड्यानं चराईबंदी-कुऱ्हाडबंदी करून जंगल राखलं, ते काय वेगळं आहे?

आणखी एक, पुतण्याला सांगा. फिकट वाळू ऊन परत आकाशात फेकते, गर्द झाड ते शोषतं. सगळं वाळवंट हिरवं केलं तर थोडी उष्णता उलट वाढूही शकते. आणि सहाराची धूळ वाऱ्यानं अ‍ॅमेझॉनच्या जंगलापर्यंत जाते, तिच्यातला फॉस्फरस तिथल्या झाडांना मिळतो. वाळवंट म्हणजे पडीक जमीन नव्हे.

केळीवाला, रावेर:
आबा, ऐकून गारेगार वाटलं नाही, पण समजलं. माझ्या नाल्याकाठी अंजनाची दहा-बारा खोडं आहेत. दरवर्षी फुटतात आणि दरवर्षी मी जेसीबीवाल्याला उपटायला सांगतो. यंदा त्याला नको म्हणतो. फुटवे किती ठेवायचे, एक की दोन? आणि शेळ्यांचं काय करायचं, त्या शेजाऱ्याच्या आहेत.