अमृत कोकमात साखर कमी करून बेंझोएट घालायचं का? घरात दोन तट पडलेत

भिरंड
आमचं घर सिंधुदुर्गातलं, आजीपासून अमृत कोकम करतोय. आजी चिनीमातीच्या बरण्यांत करायची आणि बाटल्या चाकरमान्यांबरोबर मुंबईला जायच्या, बाबांनी शेड बांधून लायसन काढलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. भाऊ म्हणतो गिऱ्हाईक हल्ली लेबलवर साखर बघतं आणि बाटली परत ठेवतं, तर साखर निम्मी करू आणि टिकायला सोडियम बेंझोएट घालू. मी नको म्हणते. रातांब्याच्या (कोकमाच्या ताज्या फळाच्या) सालीला दीड-दोन पट साखर लावून थरावर थर भरले आणि बरणी उन्हात ठेवली की साखरच सालीतला रस ओढून काढते, पाण्याचा थेंब घालावा लागत नाही, आणि पुढे वर्षभर तो पाक टिकतो तोही तिच्यामुळेच. म्हणजे ती नुसती गोडीला नाहीये. ती निम्मी केली की रस पुरता सुटणार नाही, मग साली उकळा, पाणी वाढवा, आंबटपणा कमी पडला म्हणून सायट्रिक ॲसिड घाला, शेवटी फिका दिसतो म्हणून लाल रंग. आणि बाटलीवर आजीचा फोटो तसाच! मला हे फसवणं वाटतं, सरळ सांगते.

आवळेवाला
ताई, बेंझोएटला विष समजू नका हो. ठरवून दिलेल्या मात्रेत घातलं, लेबलवर लिहिलं, यात फसवणूक कुठे आली? आमचंही घरचंच काम, लिंबू आणि आवळा सरबत, मी तिसऱ्या पिढीतला. वडील काहीच घालायचे नाहीत आणि एका उन्हाळ्यात पाकात साखर थोडी कमी पडली तर बाटल्या आंबून फसफसल्या, दुकानांत झाकणं उडाली, सगळा माल परत आला, ते कर्ज फेडायला 2 वर्षं गेली. तेव्हापासून घालतो आणि रात्री झोप लागते. एक मात्र सांगतो, करायचंच ठरलं तर लिंबाला टिकायला वापरतात ते केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) कोकमात घालू नका, त्यातून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने कोकमाचा लाल रंग उडतो. लाल फळांना बेंझोएटच, आणि कोकम मुळात आंबट असल्याने ते तिथे कामही चांगलं करतं.

घाटावरची
पण दादा तुमच्याच गोष्टीत माल गेला तो साखर कमी पडल्यामुळे ना? म्हणजे ताईंचं म्हणणं खरंच ठरलं की. पाक पुरता दाट असेल तर बुरशी-यीस्टला लागणारं पाणीच साखर बांधून ठेवते. लोकांना एकाच बाटलीत कमी साखर पण हवी, प्रिझर्वेटिव्ह पण नको आणि कपाटात वर्षभर राहायला पण हवी. तिन्ही एकदम जमत नाही, हे गिऱ्हाइकाला कोणीतरी सांगायला हवं.

आवळेवाला
जमतं, गरम भरून बाटली पाश्चराइज केली तर. पण उष्णतेने कोकमाचा रंग तपकिरीकडे झुकतो आणि बाटली उघडली की फ्रीज लागतोच. शिवाय त्या मशिनरीचा खर्च घरगुती धंद्याला झेपला पाहिजे ना.

नातू_मुंबईकर
मी भावाच्या बाजूने. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, लहानपणापासून प्यायलेलं अमृत कोकम आता बघतसुद्धा नाहीत, अशी घरोघरी माणसं आहेत. नुसत्या जुन्या चवीवर धंदा टिकत नाही. ड्यूक्सचा सोडा बघा, 1889 पासून मुंबईतल्या पारशी कुटुंबाचं, 1994 ला पेप्सीकडे गेलं. सुरतचं सोस्यो हे गॅसचं पेय 1923 पासून हजूरी कुटुंबाचं, 2023 ला रिलायन्सने निम्मा हिस्सा घेतला. एवढ्या जुन्या घरांना कोणाचा तरी हात धरावा लागला, तर तुम्ही बरण्यांवर किती वर्षं काढणार? कोकम सोडा काढा, तरुण पोरं घेतील.

घाटावरची
उदाहरणं सगळी सोड्याचीच दिलीत. रूह अफजा 1906 चं आहे आणि आजही साखरेचा दाट पाकच आहे, लोक त्यात हवं तेवढं पाणी-दूध घालतात, कोणी हलकं करा म्हणून अडलं नाही. आणि गॅस भरलेल्या पेयावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, त्यात फळाचा रस असला तरी. बिनगॅसच्या फळाच्या पेयाला 5. छोट्या घराला सोड्याच्या नादी लावू नका प्लीज. तुमच्या बाबांसाठी आगळ आहे की! मीठ घातलेला कोकमाचा रस, साखरेचा कण नाही, पाण्यात थोडा घालून वर जिरेपूड. (मीठ मात्र बरंच असतं, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून.)

नातू_मुंबईकर
आगळ आमच्या इमारतीत सोलकढीपुरतंच माहिती आहे, पेय म्हणून कोण मागतंय.

घाटावरची
मग ते प्यायला शिकवा की, त्यासाठी अमृत कोकम कशाला बिघडवायचं.

परसातलं_झाड
तुम्ही सगळे बाटलीवर भांडताय, फळाचं काय? रातांबा पिकतो एप्रिल-मेमध्ये, उशिराची झाडं पावसात सापडतात आणि फळ झाडाखाली कुजतं, काढायला माणूस मिळत नाही. बी लावून झाड केलं तर साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला 7-8 वर्षं थांबायचं. आम्ही दापोली विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ या लवकर पिकणाऱ्या कोकमाच्या जातीची कलमं लावली, पाऊस यायच्या आत फळ हातात येतं. ताई, तुमच्या भावाचा उत्साह इकडे वळवा. घरच्या झाडांचा माल वेळेत आला तर खर्च तिथे वाचेल, साखर कमी करून नाही.

भिरंड
भावाला सगळं वाचून दाखवलं. तो कलमांचं ऐकून गप्प बसला, आमची निम्मी झाडं खरंच उशिराची आहेत आणि गेल्या मेमध्ये पावसाने वाट लावली होती. आवळेवाले दादा, तुमचं कर्जाचं वाचून मला वाईट वाटलं, तुमच्या जागी मीही घातलं असतं, ते फसवणं नाही, माझा शब्द मागे घेते. पण आजीच्या बाटलीत नाही. या मेमध्ये 20 किलो सालीचं भावाने त्याच्या पद्धतीने करायचं, कमी साखर, बेंझोएट, लेबलवर स्पष्ट लिहून, नाव वेगळं आणि आजीचा फोटो नाही, असं ठरलंय. माझ्या बरण्यांना हात लावायचा नाही. आणि आगळ लहान बाटल्यांत, पाण्यात किती घालायचं ते मराठीत छापून. उजेडाने रंग उतरतो म्हणून गडद काचेच्या बाटल्या बघतेय, कोणी कोल्हापूर-बेळगावकडून घेत असेल तर सांगा, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात?